घरात कुणाला क्षय होता का?

परवा माझ्या धाकट्या भाचीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिथल्या एका इस्पितळात आठवड्यातून दोन दिवस स्वयंसेवक म्हणून जायचे तिने ठरवले आहे. त्यासाठी आधी टीबीची चाचणी करावी लागते. हाताच्या कातडीत बारीक सुई टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात. हिचा फुगवटा चांगलाच मोठा आला. बिचारी घाबरून गेली. मग छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. नर्सने एक अर्ज भरायला दिला. त्यातल्या एका प्रश्नासाठी तिने मला फोन केला होता.

"मावशी, आपल्या घरात कुणाला टीबी होता का गं?"

मी लगेच "नाही बाई" म्हणून मोकळी झाले. तिला समजावलेही, की लहानपणी आपल्या सगळ्यांना बी.सी.जी. टोचलेली असते, त्यामुळे ही कातडीवरची चाचणी कधी कधी उगाच फुगते. हल्ली रक्ताची चाचणी निघाली आहे, तिला बी.सी.जी.मुळे फरक पडत नाही, ती करून घे म्हणावे. तिचे समाधान झाले. फोन ठेवला.

रात्री मात्र झोप येईना. कारण मी खोटे बोलले होते. तेही इतक्या सहज, की बोलताना ते खोटे आहे हे मलाही जाणवले नाही. सहासष्ट-सदुसष्ट वर्षे आमच्या घरात हेच उत्तर दिले जात आहे, ते माझ्याही तोंडून आपोआप आले.

आमच्या नात्यातली बरीच मंडळी ही अनुदिनी वाचतात. तेव्हा भाचीला द्यायचे खरे उत्तर इथेच लिहिते.

होय, होता. आमच्या बापूकाकांना.

बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सांगली जिल्ह्यातले आमचे गाव. काका मॅट्रिक होऊन सोसायटीत कारकुनी करत. १९५६ साली त्यांना खोकला सुरू झाला, संध्याकाळचा ताप येऊ लागला. मी तेव्हा सहा वर्षांची. डॉक्टरांनी फोटो काढायला पाठवले. "छातीला डाग आहे" एवढेच शब्द मी मोठ्यांच्या तोंडून ऐकले. क्षय हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. शेजारीपाजारी विचारत, तेव्हा आजी "दमा आहे" म्हणून सांगे. काकांची खाट माडीवर गेली. त्यांचे ताट-वाटी वेगळी झाली. आम्हा मुलांना जिना चढायची बंदी झाली.

लपवायचे कारण होते. माझ्या आत्याचे लग्न ठरत होते. ज्या घरात क्षय त्या घरची मुलगी कोण करून घेणार?

त्या काळी क्षयावरचा मान्य उपाय म्हणजे आरोग्यधाम. मोकळी हवा, दूध-अंडी, महिनोन्महिने सक्तीची विश्रांती. मिरजेच्या डॉ. वानलेस यांनी १९२० च्या सुमारास मिशनतर्फे असे आरोग्यधाम काढले, त्यावरून तिथल्या वस्तीला वानलेसवाडी नाव पडले. पण अशा जागा होत्या किती? १९४६ साली भोर समितीने सरकारला अहवाल दिला. त्यात देशात संसर्ग पसरवू शकणारे सुमारे २५ लाख रुग्ण आणि दरवर्षी ५ लाख मृत्यू असा अंदाज आहे. आणि क्षयरोग्यांसाठी खाटा सुमारे ६,०००. म्हणजे चारशे माणसांमागे एक खाट!

माझ्या वडिलांनी एका आरोग्यधामाला अर्ज केला. उत्तर गावच्या पोस्टात येऊन बोभाटा होऊ नये म्हणून अर्जावर कऱ्हाडच्या एका स्नेह्यांचा पत्ता दिला. आठ-नऊ महिन्यांनी खाट रिकामी झाल्याचे पत्र आले. ते स्नेही नेमके लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेले होते. पत्र आमच्या हाती पडेपर्यंत तीन आठवडे उलटले आणि ती खाट दुसऱ्या कुणाला गेली. दोष कुणाला द्यावा? ज्याला ती मिळाली तोही कुणाचा तरी काकाच असणार.

१९५८ च्या वैशाखात आत्याचे लग्न आमच्याच अंगणात झाले. काकांनी ते माडीच्या खिडकीतून पाहिले. अक्षता पडताना मी वर पाहिले तर त्यांचा हातही खिडकीबाहेर आला होता. आषाढात ते गेले. सव्वीस वर्षांचे होते.

आता गंमत बघा. (गंमत म्हणवत नाही खरे तर.) काका माडीवर पडून होते त्याच दोन वर्षांत मद्रास शहरात, काकांसारख्याच गरीब रुग्णांवर एक प्रयोग चालू होता. मी तीसेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पानिपत शिकवले, वॉटर्लू शिकवले. पण हे कधी शिकवले नाही, कारण मलाच ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर वाचत गेले तेव्हा कळले.

प्रश्न साधा होता. खाटा कधीच पुरणार नाहीत हे उघड होते. मग रुग्णाला घरीच ठेवून औषध दिले तर? स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये सापडले होते, आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आले होते. गोळ्या तर घरीही घेता येतात. पण दाट वस्तीत, एका खोलीत सहा माणसे, पोटाला पुरेसे अन्न नाही, अशा घरात रुग्ण बरा होईल का? आणि घरातल्या इतरांना रोग देणार नाही का? हे कुणालाच माहीत नव्हते.

हे ठरवायला १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र उभे राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांनी मिळून ते चालवले. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख. दोनशेच्या आतबाहेर रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्मे आरोग्यधामात आणि निम्मे आपापल्या घरी. दोघांना औषधे तीच, वर्षभर.

१९५९ साली निष्कर्ष छापून आले. आरोग्यधामातले शंभरातले सुमारे ९२ आणि घरी राहिलेले शंभरातले सुमारे ८६ वर्षअखेरीस जंतुमुक्त झाले होते. आरोग्यधामातल्यांना खाणे चांगले, विश्रांती जास्त. घरचे अर्धपोटी, काही कामावरही जाणारे. तरी फरक एवढाच. पुढची काही वर्षे दोन्हीकडच्या कुटुंबांवर लक्ष ठेवले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या घरात रोग जास्त पसरला, असेही दिसले नाही. कारण जो काही संसर्ग व्हायचा तो बहुतेक निदानाच्या आधीच झालेला असतो. औषध सुरू झाले की जंतू झपाट्याने कमी होतात.

म्हणजे वेगळी ताट-वाटी, माडी, जिन्यावरची बंदी, यातल्या कशाचीच नंतर गरज नव्हती. गरज होती ती वर्षभर न चुकता गोळ्यांची. आमच्या काकांना स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने मिळाली, पण पैसे असतील तेव्हा. पैसे संपले की थांबायची, आजीने एखादी पाटली मोडली की पुन्हा सुरू व्हायची.

या निष्कर्षाने जगातली आरोग्यधामे हळूहळू ओस पडू लागली. आणि श्रीमंत देशांनीही हा धडा एका गरीब देशाकडून घेतला.

पण एक औषध सापडणे निराळे आणि ते खेडोपाडी पोचवणे निराळे. १९५५ ते १९५८ या काळात देशभर पाहणी झाली होती. तोपर्यंत समज असा, की क्षय हा शहरातला, गिरणगावातला रोग. पाहणीत दिसले, की खेड्यातही तो जवळजवळ तितकाच आहे. आणि माणसे तर बहुतेक खेड्यातच राहणारी.

मग १९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. म्हैसूरच्या राजघराण्याची एक वास्तू त्यासाठी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, युनिसेफने साहित्य दिले. हाफडन माहलर नावाचे एक तरुण डॅनिश डॉक्टर दहा वर्षे भारतात याच कामावर होते. पुढे १९७३ मध्ये तेच जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झाले.

या संस्थेतला मला सर्वांत आवडलेला अभ्यास डॉ. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचा. तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन त्यांनी रुग्णांनाच विचारले, "तुम्हाला काही त्रास होतो का? मग तुम्ही काय केलेत?" सगळ्यांचा समज असा, की खेडूत अडाणी, त्यांना रोगाची जाणीव नसते, गाड्या घेऊन त्यांना शोधत फिरावे लागेल. निघाले भलतेच. रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपल्या पायांनी सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते! तिथे त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवले होते. बेडका तपासलाच नव्हता.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. शिक्षकाच्या नोकरीत आम्हीही असेच म्हणायचो ना, की पोरांनाच शिकायची इच्छा नाही.

या अभ्यासांतून १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम तयार झाला. जिल्हा हे एकक धरले. प्रत्येक जिल्ह्याला एक क्षयरोग केंद्र, आणि बाकी काम नेहमीच्याच दवाखान्यांनी करायचे. खोकला घेऊन जो येईल त्याचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि औषध घरी द्यायचे. इतकी साधी योजना. परदेशांतले लोकही ती शिकायला बंगळूरला येत.

साधी होती, पण चालली नाही तितकी. पैसे अपुरे, औषधे अधूनमधून संपलेली, बेडक्यापेक्षा क्ष-किरणावर भर, आणि मध्येच सोडून गेलेल्या रुग्णाला कुणी विचारत नसे. १९९२ मध्ये सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनच्या मदतसंस्थेबरोबर आढावा घेतला, तेव्हा हे सगळे कागदावर आले. १९९३ पासून नव्या पद्धतीची चाचणी सुरू झाली, तीच 'डॉट्स'. कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळी घ्यायची. १९९७ मध्ये ती रीतसर सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यात पोचायला मार्च २००६ उजाडला.

या मधल्या फटीत आमच्या शाळेच्या सोसायटीचा गुरखा सापडला.

१९९६ ची गोष्ट. त्याचा मुलगा माझ्या सातवीच्या वर्गात होता. मराठी इतके सुरेख बोलायचा, की आडनाव सांगेपर्यंत कळू नये. वडिलांना टीबी झाला. दवाखान्यातून गोळ्या मिळत होत्या, दोन महिन्यांत माणूस टवटवीत दिसू लागला. दसरा आला. नेपाळात दसऱ्याला, त्यांच्या दशैनला, घरी गेलेच पाहिजे. महिन्याभराच्या गोळ्या मिळाल्या. एक दिवस मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, एक चिठ्ठी लिहून द्या. बाबा तिकडे गेल्यावर गोळ्या संपल्या तर तिकडच्या दवाखान्यात दाखवायला."

मी दवाखान्यात जाऊन विचारले. नेपाळात कुणाला लिहायचे? कुणालाच माहीत नव्हते. "बाई, दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला पेशंट आम्हाला सापडत नाही, तुम्ही दुसऱ्या देशाचे विचारता!" असे उत्तर मिळाले. ते रागाने नव्हते, खरेच होते. शेवटी मी हिंदीत औषधांची नावे आणि तारखा लिहून दिल्या. 'मा. डॉक्टर साहेब' एवढाच मायना. पत्ता नव्हताच.

माणूस महिन्यासाठी गेला तो चार महिन्यांनी आला. तिकडे गोळ्या संपल्या, डोंगरातून दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर, आणि बरेही वाटत होते. परत आला तेव्हा पुन्हा रक्त पडू लागले होते. पुन्हा पहिल्यापासून औषध सुरू झाले. शाळेच्या परीक्षेआधीच ते कुटुंब कुठेतरी निघून गेले. मुलाचा दाखला न्यायलाही कुणी आले नाही. अर्धवट औषधाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आता माहीत आहे.

आणि हेही माहीत आहे, की मला जो पत्ता हवा होता तो त्या वेळी अस्तित्वात होता!

१९९० च्या नोव्हेंबरात मालदीवची राजधानी माले इथे सार्कची पाचवी शिखर परिषद भरली. तिथे ठरले, की दक्षिण आशियासाठी एक क्षयरोग केंद्र नेपाळात काढायचे. १९९२ मध्ये भक्तपूरजवळ ठिमी इथे ते सुरू झाले. काठमांडूपासून अगदी जवळ. सदस्य देशांची आकडेवारी एकत्र करणे, प्रयोगशाळेतल्या माणसांना शिकवणे, सगळीकडे बेडका एकाच काटेकोरपणे तपासला जातो ना हे पाहणे, अशी त्याची कामे. २००५ मध्ये एड्सचे कामही त्याच्याकडे आले, कारण हे दोन रोग हातात हात घालून येतात.

अशा केंद्राची गरज का होती, ते नकाशा पाहिला की कळते. जागतिक आरोग्य संघटनेने जगाचे सहा विभाग पाडले. आग्नेय आशिया विभागाचे कार्यालय दिल्लीत. त्यात भारत, नेपाळ, श्रीलंका वगैरे. पाकिस्तान मात्र पूर्व भूमध्य विभागात, त्याचे कार्यालय इजिप्तमध्ये! त्यामुळे १९७१ पर्यंत ढाक्याचा क्षयरोगी कागदोपत्री इजिप्तच्या खात्यात आणि शेजारच्या कलकत्त्याचा दिल्लीच्या. बांगलादेश १९७२ मध्ये दिल्लीकडे आला. लाहोर आणि अमृतसर आजही दोन वेगळ्या विभागांत आहेत. सार्क हे एकच टेबल असे, की जिथे या सगळ्या शेजाऱ्यांनी एकत्र बसावे.

तर भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० च्या करारामुळे माणसे बिनदिक्कत येतात-जातात. माणसाला सीमा खुली, पण त्याचा औषधाचा कागद मात्र सीमेवर अडला. मोठी योजना माले आणि काठमांडूला झाली, ती आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या भल्या माणसापर्यंत पोचली नाही. माझी चिठ्ठी बिनपत्त्याची राहिली ती त्यामुळे. आणि कऱ्हाडला पडून राहिलेले पत्र आठवले, की वाटते, आमच्या घराण्याचे आणि या रोगाचे नाते पत्त्यांशीच बांधलेले आहे.

आज काय स्थिती आहे? पुष्कळ सुधारले आहे. २०१२ पासून 'निक्षय' या संगणकीय नोंदवहीत प्रत्येक रुग्णाची नोंद होते, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला माणूस निदान शोधता येतो. २०१८ पासून रुग्णाला आहारासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. मार्च २०१७ मध्ये दिल्लीत या विभागातल्या अकरा देशांनी मिळून क्षय संपवण्याचा संकल्प केला. भारताने तर २०२५ हे वर्षच ठरवून टाकले होते. २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, २०२३ मध्ये ते १९५ वर आले. उतार खरा आहे, पण संपण्यापासून फार दूर. जगातल्या क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा अजून आपल्याच देशात आहे. आणि सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेलीच नाही. राजकारणात मला पडायचे नाही. एवढेच म्हणते, की शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून खोकला थांबत नाही.

एक गोष्ट आजीच्या बाजूने सांगायला हवी. मद्रासच्या प्रयोगाने दूध-अंड्यांचे महत्त्व कमी केले, असे मी वर लिहिले. पण २०२३ मध्ये झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. रुग्णाच्या घरातल्या इतर माणसांना पुरेसा शिधा दिला, तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटले. रुग्णाला बरे करते ते औषध, पण घरातल्या बाकीच्यांना वाचवण्यात अन्नाचा वाटा मोठा. आजीने काकांच्या वाटीतले दूध कधी कमी केले नाही. ती स्वतः काय खात होती, ते कुणी पाहिले नाही.

हे सगळे लिहिण्याआधी मी कोल्हापूरला आत्याला फोन केला. तिचे वय आता सत्त्याऐंशी. गुपित तिच्यासाठी ठेवले होते, तेव्हा तिची परवानगी हवी. ती हसली आणि म्हणाली, "लिही की गं. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आता कोण मोडतंय?" मग थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "मला मांडवातच कळलं होतं. बापू वर खोकत होता आणि वाजंत्रीवाल्यांना दादा सारखं जोरात वाजवा म्हणत होता."

'दादा' म्हणजे माझे वडील. हे मला आजवर माहीत नव्हते.

तर भाचीबाई, तुझ्या अर्जात लिही. होय, आईच्या काकांना होता, १९५८ मध्ये गेले. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट, तुझ्या फुगवट्याशी त्याचा संबंध नाही. पण लिही. आणि घरातल्या बाकीच्यांना एवढेच, की दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर दमा, सर्दी, ऍलर्जी असली नावे ठेवत बसू नका. सरकारी दवाखान्यात बेडका तपासून मिळतो, औषधही फुकट मिळते. लपवायचे काही कारण नाही.

बापूकाकांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मॅट्रिकच्या वर्गाचा एक गटफोटो होता, तो आम्हा भावंडांपैकी कुणाकडे गेला कोण जाणे. कुणाला सापडला तर कृपया पाठवा. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरे.